जवारी ट्रान्सफॉर्मर

"चढं वाटतंय रे," अक्का म्हणाली, आणि माझी दोन वर्षं त्या एका वाक्यापायी गेली.

अक्का ही माझी सख्खी थोरली बहीण. आमचे पूर्वज बंगळूरला इतक्या पिढ्यांपूर्वी आले, की ते नक्की कुणाच्या फौजेबरोबर आले याची दर लग्नात नवी कथा ऐकायला मिळते. घरात मराठी बोलतो, पण थोरल्या बहिणीला अक्का म्हणतो, पुरे झालं की 'साकु' म्हणतो आणि नको असलं की 'बेड'. माझी बायको पुण्याची. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली तरी आमच्या मराठीला ती 'तुमची ती भाषा' म्हणते. स्वतः मात्र भाजीवाल्याशी 'स्वल्प कम्मी माडी', थोडं कमी करा, असं करत असते, ते तिला चालतं.

अक्का मल्लेश्वरमला राहते, मी बनशंकरीला. दर रामनवमीला तिच्या घरी पंचवीस-तीस माणसं जमतात. गुळाचं पानक, भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोसंबरी, मग गाणं. अक्का गाते, मी साथीला हवाईयन गिटार वाजवतो. ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची. एके काळी या शहरातल्या प्रत्येक सरकारी कॉलनीत ती वाजवणारा एक तरी माणूस असायचा. आता आमच्या ओळखीत मी एकटाच उरलो आहे, आणि लोक मला विचारतात, ही अशी झोपवून का ठेवलीय.

चाळीस वर्षं हे असंच चाललं. भावजी गेले त्या वर्षीसुद्धा अक्का गायली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा खुर्चीत बसून गायली. आणि मग एका वर्षी, रामनवमीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तालमीला बसलो असताना, ती दुसऱ्याच ओळीवर थांबली.

"चढं वाटतंय रे. स्वल्प कम्मी कर."

मी ॲम्प्लिफायरचा आवाज कमी केला. ती पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा त्याच जागी थांबली.

"अजून चढंच आहे. बोचतंय."

मी आणखी कमी केला. आता गिटार मलाच ऐकू येईना. अक्कानं गाण्याची वही मिटली आणि म्हणाली, "साकु. या वर्षी राहू दे. घसा बसलाय म्हणून सांगू." तसंच सांगितलं. त्या रामनवमीला तिनं सगळ्यांना पानक दिलं, कोसंबरी दिली, आणि गाणं झालंच नाही. पुढच्या वर्षी तर ती तालमीलाही धड बसली नाही. दोन ओळी, की तेच. चढं वाटतंय.

मला राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली होती. पण मला भीती वाटली की रागच येतो, हे माझी बायको ओळखून आहे. अक्का त्र्याहत्तर वर्षांची. तिसऱ्या वर्षीही ती गायली नसती तर लोकांनी विचारणं सोडलं असतं, आणि कुणी विचारलं नाही तर आपणहून गाणाऱ्यांतली ती नाही. म्हणजे कायमचंच संपलं असतं. आम्हा दोघांत एरवी बोलण्यासारखं फारसं काही नसतं. तब्येत, मुलं, पाणी आलं का. बाकीचं जे काही बोलायचं, ते आम्ही त्या गाण्यातच बोलत आलो होतो.

तेव्हा मी ठरवून टाकलं, की दोष ॲम्प्लिफायरचा आहे.

असं ठरवायला मला अधिकार होता, अशी माझी समजूत. एका सरकारी कारखान्यात तेहतीस वर्षं मी तपासणी विभागात काढली. तपासणीचा पहिला नियम असा, की वस्तू हातात घेण्याआधी ती कशी असायला हवी याचा कागद हातात घ्यायचा. काय हवंय हे ठाऊक नसताना मीटर लावून बसणाऱ्या नव्या इंजिनियरांना मी फार बोललो आहे. माझ्या निरोपसमारंभात एकानं त्याची नक्कलही करून दाखवली होती, आणि सगळे जरा जास्तच हसले होते.

माझा जुना ॲम्प्लिफायर ट्रान्झिस्टरचा होता. आवाज स्वच्छ, पण कोरडा आणि टोकदार. 'बोचतंय' हा शब्द मला तिथे अगदी चपखल बसलेला दिसला. लहानपणी आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. आतल्या काचेच्या नळ्या तांबूस उजळायच्या आणि त्यातून बातम्यासुद्धा गोड लागायच्या. तेव्हा अक्काला हवा तो आवाज व्हॉल्व्हचा, हे मी एका बैठकीत नक्की केलं. त्या बैठकीला मी एकटाच हजर होतो.

वाद्यांच्या दुकानात व्हॉल्व्ह हा शब्द कुणाला कळेना. शेवटी दुकानातला मुलगा म्हणाला, "अंकल, ट्यूब ॲम्प बोलिए ना." त्यानं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत स्वस्त तो काढून दाखवला. उशीएवढं खोकं, आत दोन व्हॉल्व्ह, पुढे एवढासा स्पीकर. "ये बेडरूम के लिए है," तो म्हणाला. मी म्हणालो, माझी बहीण हॉलमध्ये गाते, चालेल. माझ्या या उत्तराचा त्यानं काय अर्थ काढला देव जाणे.

बनशंकरीहून मल्लेश्वरमला मेट्रो सरळ जाते, ही चांगली गोष्ट. मेट्रोत सामान तपासतात, ही वाईट. खोकं यंत्रातून गेलं आणि पडद्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण पट्टा थांबला.

"एनु सार इदु?" सुरक्षारक्षकानं विचारलं. हे काय आहे?

मी सांगितलं, ॲम्प्लिफायर. त्यानं मागची जाळी टॉर्चनं बघितली. काचेच्या दोन नळ्या बघितल्या. दुसऱ्या रक्षकाला बोलावलं. माझ्यामागे रांग साठली.

"बल्बा?"

तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर मी त्या रांगेकडे बघितलं आणि मान हलवून म्हणालो, "हौदु. बल्बु."

त्यानं ते तत्काळ सोडलं. पुढे मी इतक्या वेळा ते खोकं घेऊन गेलो, की तो मला लांबून बघूनच दुसऱ्याला मी आल्याचं सांगायचा, "बल्ब सार बंद्रु."

अक्कानं नवा ॲम्प्लिफायर कौतुकानं बघितला. त्यावर ठेवायला क्रोशाचा रुमालही आणला, तो मी काढायला लावला, कारण व्हॉल्व्ह तापतात. मी वाजवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग एक अभंग धरला, दुसऱ्या ओळीवर आली आणि थांबली.

"चढं वाटतंय रे."

इथून पुढे मी जे केलं त्याला इंटरनेटवर मॉडिफिकेशन म्हणतात आणि माझी बायको चिवडणं म्हणते.

आधी स्पीकर बदलला. तो छोटा स्पीकर खालचे सूर देणारच कुठून? सुताराकडून वेगळी पेटी करून घेतली आणि तिच्यात दुप्पट मोठा स्पीकर बसवला. आता मेट्रोत दोन नग झाले. अक्का म्हणाली, "घुमतंय छान. पण चढंच."

मग मी खोकं उघडलं. आवाजाच्या बटणावर एक बारीकसा, मसुराच्या डाळीएवढा कपॅसिटर बसवलेला असतो. तो टोकदार सुरांना वेगळी वाट करून देतो, म्हणजे ते पुढे जास्त ऐकू येतात. तरुण मुलांना तसं आवडतं म्हणे. तो छाटून टाकला की आवाज नरम होतो. काम अर्ध्या मिनिटाचं. पण व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर वीज धरून बसलेले असतात. ती आधी उतरवून घ्यायची असते. हे मला माहीत आहे. हे मी तेहतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं आहे. त्या दिवशी मी घाईत होतो.

बायको धावत आली तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि पक्कड खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिनं आधी मला पाणी दिलं, माझा हात नीट बघितला, आणि तो ठीक आहे याची खात्री झाल्यावर मग म्हणाली, "कारखान्यात तेहतीस वर्षं काय केलंत हो?"

त्यानंतर मी इंटरनेटवरच्या जाणकारांच्या नादी लागलो. ही मंडळी भांडताना बघावीत. एक म्हणतो, अमुक जातीचा कपॅसिटर घाला, आवाज लोण्यासारखा होतो. दुसरा म्हणतो, तो घातलात तर तुम्हाला कान नाहीत. तिसरा म्हणतो, कपॅसिटरनं काही होत नाही, व्हॉल्व्हच बदला. चौथा नुसताच एक हसरा चेहरा टाकून जातो. मी सगळ्यांचं ऐकलं. कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्ह बदलले, एक रेझिस्टर काढला, तोच पुन्हा बसवला. प्रत्येक बदलानंतर मेट्रो, बल्ब सार, अक्काचा हॉल.

एकदा ती म्हणाली, "आता फार गोड झालंय. पण..."

"पण काय?"

"चढंच वाटतंय."

माझा तोल सुटला. "अक्का, चढं म्हणजे नक्की काय? आवाज मोठा आहे? टोकदार आहे? कर्कश आहे? काय आहे ते सांग ना एकदा."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पदरानं टीपॉयवरची नसलेली धूळ पुसली. "चढं म्हणजे चढं," म्हणाली, आणि कॉफी करायला आत गेली.

घरी येऊन मी बायकोसमोर तणतणलो. ती शांतपणे म्हणाली, "त्यांना नीट विचारा ना."

"विचारलं की."

"तुमचं विचारणं मला ठाऊक आहे. समोरच्याला वाटतं, आपल्यावर केस चाललीय."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. माझ्यापुढे आता वेगळाच प्रश्न होता. इतकं सगळं छाटून आणि बदलून आवाज बोचेनासा झाला होता, पण मेलाही होता. गोधडीखालून आल्यासारखा यायचा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की सुरात जी झिणझिण उठते, तिला आपण जवारी म्हणतो. ती लागली की एका सुरात दहा सूर ऐकू येतात. मला वाटलं, माझ्या आवाजात तेवढंच कमी आहे. तेवढी जवारी आली की अक्का नक्की गाईल. रामनवमीला दहा दिवस होते आणि माझा आता स्वतःच्या हातांवर भरवसा उरला नव्हता.

बाजारामागच्या एका गल्लीत जुने रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. पन्नाशीचा, कपाळाला गंध, कानावर पेन्सिल. मी कन्नडमध्ये सुरुवात केली, तर तो म्हणाला, "मराठी बोला की. आम्ही बेळगावकडचे." मला इतकं बरं वाटलं, की मी त्याच्या स्टुलावर बसून सगळी हकीकत सांगितली. त्यानं खोकं उघडलं, माझं सोल्डरिंगचं काम बघितलं, आणि सभ्यपणे नजर दुसरीकडे वळवली.

"बाकी राहू द्या," मी निघताना म्हणालो. "मला फक्त थोडी जवारी पाहिजे."

"जवारी?" त्याचा चेहरा उजळला. "करतो की. एक नंबर जवारी करतो. शनिवारी या."

शनिवारी गेलो तर खोकं उचलताना हात खाली आला, इतकं ते जड झालं होतं. मागची जाळी बंदच होईना. आत डोकावलो. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो, कंपनीचा तो आगपेटीएवढा होता. त्याच्या जागी अर्ध्या विटेएवढा, काळ्या वार्निशात बुडवून काढलेला एक ऐवज बोल्ट मारून बसवला होता.

"हे काय आहे?"

"ट्रान्सफॉर्मर. तुम्हीच म्हणालासा न्हवं, जवारी पाहिजे म्हणून. तो बाहेरचा काढून टाकला. ह्यो आपल्या माणसानं हातानं गुंडाळलेला हाय. अस्सल जवारी."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. बेळगावकडे, तिथून खाली हुबळी-धारवाडपर्यंत, जवारी म्हणजे गावरान. जवारी कोंबडी, जवारी टोमॅटो, जवारी मिरची. हे मला माहीत होतं. मी जवारी कोंबडी खाल्लेली आहे, आणि मागूनही घेतलेली आहे.

"अहो, जवारी म्हणजे तंबोऱ्याची," मी म्हणालो.

"तंबोऱ्याचं मला काय म्हायती? तुम्ही ॲम्प आणलासा."

मी विचारलं, जुना ट्रान्सफॉर्मर कुठे आहे. तो त्यानं एका गिऱ्हाइकाला देऊन टाकला होता. "कशाला पाहिजे तो? काय दम न्हवता त्यात."

घरी येऊन चालू केला. पहिलं जे ऐकू आलं ते गिटारचं नव्हतंच. घूं. एकसुरी, जाड, खालून येणारी घरघर. कारण माझ्या लगेच लक्षात आलं. आत विजेचा एक ट्रान्सफॉर्मर आधीच असतो. दुसरा त्याच्या शेजारी बसवायचा तर काटकोनात वळवून बसवायचा, नाहीतर पहिल्याची घरघर दुसरा उचलतो. आमच्या कारागिरानं दोघांना एकाच दिशेला तोंड करून शेजारी बसवलं होतं, लग्नातल्या फोटोसारखं. वळवायचा तर सगळं पुन्हा उघडायला हवं होतं. भोकं पाडून झाली होती. रामनवमीला चार दिवस होते.

एक गोष्ट मला कबूल करायला हवी, आणि ती करताना मला अजूनही त्रास होतो. घरघर सोडली, तर गिटारचा आवाज चांगला येत होता. भरदार, मोकळा. वर्षभर मी जे शोधत होतो ते त्या जवारी विटेत होतं. पण वर ती घरघर. आणि अक्का, जिला स्वच्छ आवाजही चढा वाटतो, ती हे ऐकून काय म्हणेल, हे मी पाठ करूनच ठेवलं होतं.

"घेऊन जा तसाच," बायको म्हणाली. "आणि यंदा तिथे जाऊन चिडू नका."

मी चिडलेलाच गेलो. दुपारची वेळ. अक्का स्वयंपाकघरात होती. मी हॉलमध्ये ॲम्प्लिफायर मांडला, चालू केला, घरघर सुरू झाली. प्लग या भिंतीवरून त्या भिंतीवर लावून बघितला. खोकं फिरवून बघितलं. गुडघ्यांवर बसून त्या कारागिराला, त्याच्या गावाला आणि तिथल्या कोंबड्यांना मनातल्या मनात जे बोलायचं ते बोललो. घरघर तसूभर हलली नाही. उलट मला वाटलं, ती वाढतेय. जरा गोडही वाटली. मग कळलं, की तो आवाज खोक्यातून येत नाहीये.

अक्का आत सा लावून बसली होती. त्या घरघरीवर. अगदी नेमका, डळमळ नाही, ओढाताण नाही. मग तिनं अभंग धरला, तोच. दुसरी ओळ आली. ती त्या ओळीवरून अशी सहज गेली, की जणू तिथे कधी काही अडलंच नव्हतं. आवाज खालचा होता. रुंद, भरलेला, थोडा खरखरीत. चाळीस वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकलेला नव्हता.

आणि मी, मूर्खासारखं, काय आहे ते तपासायला म्हणून ॲम्प्लिफायर बंद केला.

गाणं थांबलं. "बंद का केलास?" आतून आवाज आला.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ती डायनिंग टेबलाशी बसून रामनवमीसाठी मुगाची डाळ निवडत होती.

"अक्का, तू कुठल्या पट्टीत गात होतीस?"

पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा. आमच्यात ती पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरून सांगतात. अक्काची पट्टी काळी पाच. चाळीस वर्षं काळी पाच. माझ्या गिटारच्या तारा त्याच पट्टीला लावलेल्या, आणि दुसरी कुठली असू शकते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं ताटातली डाळ उगीच इकडची तिकडे केली. मग म्हणाली, "फ्रिजच्या."

"कुणाच्या?"

"फ्रिजच्या. तो घुमतो ना सारखा. त्याच्याबरोबर बसतो माझा आवाज. रोज दुपारी गाते मी. भांडी झाली की."

मी हॉलमध्ये परत गेलो, ॲम्प्लिफायर चालू केला आणि फोनमधलं सूर मोजायचं ॲप त्याच्यासमोर धरलं. पांढरी पाच, केसभर वर. आपल्या विजेचा सूरच तो. पंखा, फ्रिज, रस्त्याच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, सगळे त्याच सुरात घुमतात. काळी पाचाच्या तीन पट्ट्या खाली.

चढं वाटतंय. गाणारा माणूस चढं म्हणाला, तर तो पट्टीबद्दल बोलत असतो. पेटीच्या क्लासला जाणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे कळतं. बोचत होतं ते तिच्या घशाला. कमी कर म्हणाली ती पट्टी कमी कर म्हणून. एका शब्दावरून मी त्या बेळगावच्या माणसाला शनिवारपासून शिव्या घालत होतो. त्यानं निदान ट्रान्सफॉर्मर तरी बसवला होता.

मी परत दारात आलो. माझा आवाज चढलाच होता. "अगं, मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं की. दोन वर्षं तेच सांगतेय."

"पट्टी म्हणायचं होतंस. पट्टी उतरव म्हणायचं होतंस. दोन शब्द. मी त्यापायी शॉक खाल्ला."

"पट्टी म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, अक्का, आता साकु."

"मी असं म्हणालो असतो?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही. "तू तपासणीवाला रे. उतरलेला माल तू कधी पास केलायस?"

तसं काही नाही असं मी म्हणणार होतो, पण एकदाही तसा पास केल्याचं मला आठवेना. तिच्याकडे वर्षभर मी खोकं घेऊन येत होतो, आणि ती दरवेळी बघत होती, की हा माणूस कमी पडलेला प्रत्येक भाग काढून फेकतो आणि नवा बसवतो. आणि मी गेल्यावर ती फ्रिजसमोर बसून गात होती. फ्रिज तिला काही म्हणत नव्हता. माझ्या सख्ख्या बहिणीनं साथीला माझ्याऐवजी फ्रिज निवडला होता, आणि तिचं चुकलं होतं असं मला म्हणता येत नव्हतं.

मी टेबलाशी बसलो. थोडी डाळ माझ्यापुढे ओढली आणि निवडू लागलो. मला नीट निवडता येत नाही. मी ठेवलेल्यातले खडे ती गुपचूप काढत राहिली.

"पांढरी पाच चालेल ना तुला?" मी काही वेळानं विचारलं. ज्या कागदाशिवाय वस्तूला हात लावायचा नसतो, तो मी दोन वर्षांनी मागत होतो.

"चालेल," ती म्हणाली. "थंडीत स्वल्प आणखी खाली लागेल."

"मग आणखी खाली."

हॉलमध्ये जाऊन मी गिटारच्या तारा उतरवल्या. सहा तारा, सहा खुंट्या. आतून कॉफीचा वास यायच्या आधी झालं. तारा सैल पडल्या की त्यांचा टोकदारपणा आपोआप जातो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ज्यासाठी मी कपॅसिटर छाटले, ते खुंट्या पिळून झालं असतं. कॉफी पिताना मी तिला जवारीचा घोटाळा सांगितला आणि म्हणालो, रामनवमीच्या आधी ही घरघर तेवढी काढतो, एक नवं भोक पाडलं की ट्रान्सफॉर्मर वळवता येईल.

"बेड," अक्का म्हणाली. "तंबोरा आहे तो. हात लावू नकोस."

रामनवमीला सगळे जमले. पानक झालं, कोसंबरी झाली, आणि मग ती अवघडलेली शांतता आली जी मागची दोन वर्षं यायची. गाण्याचं कसं विचारायचं, हे कुणाला कळत नव्हतं. मी गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो आणि अक्काकडे बघायचं टाळत होतो. तिनं वही उघडली, चष्मा लावला, आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझा आवाज उतरलाय. आता मी पांढरी पाचात गाते."

मागे बसलेल्या माझ्या बायकोनं नाक ओढलं.

"हं," अक्का माझ्याकडे वळून म्हणाली. "लाव तुझा जवारी."

मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. ते उजळले, घरघर सुरू झाली, आणि माझी कांडी तारेला लागायच्या आत अक्कानं सा लावला होता.